घरधन्याचे पथ्य आणि घरातील एक चूल

(खेड्यातील मंडळ्यांत वाचून दाखविण्याकरिता व चर्चेकरिता आरोग्याचा पाठ)

आपल्या खेड्यापाड्यांतून आता अशी घरे पुष्कळ झाली आहेत की, ज्यांत घरच्या वडिलांस डॉक्टरांनी पथ्य सांगितले आहे. कोणास रक्तदाब आहे, कोणास मधुमेह आहे, कोणाच्या छातीत एकदा कळ येऊन गेली आहे. दवाखान्यातून परतताना गोळ्यांची पुडी हातात असते आणि "मीठ कमी करा, गोड सोडा, तेलकट टाळा, पालेभाजी खा" एवढे शब्द कानांत असतात. गोळ्या केव्हा घ्यावयाच्या ते पुडीवर लिहून मिळते. परंतु ते शब्द घरात कसे उतरवावयाचे हे कोणी लिहून देत नाही. मग असे होते की, आठ दिवस पथ्य चालते, पंधराव्या दिवशी ते सैल पडते, आणि महिना भरला नाही तोच ताट पहिल्यासारखे होते. लोक म्हणतात, "त्याची जीभच आवरत नाही, त्याला काय करावे?" हा आरोप पुष्कळ वेळा अन्यायाचा असतो. चूल एक, माणसे सहा, आणि पथ्य त्यांतील एकट्याचे, ही व्यवस्थाच अशी आहे की ती फार दिवस चालू शकत नाही.

या पाठात आपण हे पाहणार आहोत की, पथ्याची गरज कोणास असते, एकट्याचे पथ्य का मोडते, आणि घरातील एकाच हंडीत कोणते फेरफार केले असता वडिलांचे पथ्यही चालेल व बाकीच्यांचेही हित होईल. ज्या घरात आज कोणी आजारी नाही, त्या घरानेही हा पाठ ऐकावा.

१. पथ्याची गरज कोणास असते?

रक्तदाब व मधुमेह हे शहरात बसून खाणाऱ्या लठ्ठ माणसांचे रोग आहेत, शेतात राबणाऱ्याने त्यांची चिंता करू नये, अशी समजूत पुष्कळांची आहे. ती आता सोडून दिली पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशाच्या सर्व राज्यांतील मिळून एक लाखाहून अधिक प्रौढ माणसांची तपासणी करविली व तिचा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात दर १०० प्रौढांमागे ११ हून अधिक जणांस मधुमेह व ३५ हून अधिक जणांस वाढलेला रक्तदाब आढळला. शहरांत हे प्रमाण अधिक आहे हे खरे. तथापि खेडी त्यातून सुटलेली नाहीत.

दुसरी समजूत अशी की, अंगाने सडपातळ असलेल्यास भय नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या प्रश्नाचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी स्वतःचे व आपले इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे उदाहरण दिले. उंचीच्या मानाने वजन किती हे ठरविण्याचे जे माप आहे, ते दोघांचे अगदी सारखे, म्हणजे २२.३, होते. परंतु शरीरातील चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांच्या अंगात ती वजनाच्या ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. सारांश, आपल्या लोकांत हातपाय बारीक असूनही पोटात चरबी साठलेली असू शकते. याची ओळख घरीच करता येते. शिंप्याची फीत घेऊन बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेर मोजावा. आपल्याकडील पुरुषास ९० सेंटीमीटर, म्हणजे सुमारे साडेपस्तीस इंच, आणि स्त्रीस ८० सेंटीमीटर, म्हणजे सुमारे साडेएकतीस इंच, ही मर्यादा मानलेली आहे. घेर त्याहून अधिक भरला तर सावध व्हावे.

तिसरी गोष्ट ही की, वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, खुपत नाही. माणूस नांगर धरतो, बाजार करतो, आणि एके दिवशी अर्धांगवायूने अंथरुणास खिळतो. याकरिता तीस वर्षांवरील प्रत्येकाने गावच्या आरोग्य उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब व रक्तातील साखर तपासून घ्यावी. ही तपासणी सरकारतर्फे विनामूल्य होते. आशाताईंस विचारले असता त्या दिवस सांगतात. रक्तदाबाचा वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० असा, अथवा त्याहून अधिक, पुनःपुन्हा येत असेल तर डॉक्टरांचा सल्ला घेण्यास विलंब करू नये.

२. एकट्याचे पथ्य का मोडते?

अहिल्यानगर जिल्ह्यातील (२०२४ पर्यंत ज्याचे नाव अहमदनगर होते त्या जिल्ह्यातील) कोरडवाहू भागाचे एक घर डोळ्यांपुढे आणू. घरधनी अठ्ठेचाळीस वर्षांचा. घरात त्याची पत्नी, वृद्ध आई, धाकटा भाऊ, सोळा वर्षांची मुलगी व दहा वर्षांचा मुलगा आहे. घरधन्यास रक्तदाब व मधुमेह दोन्ही निघाले आहेत. पहिल्या दिवशी पत्नी मोठ्या काळजीने सर्वांची भाजी एका पातेल्यात व त्याची अळणी भाजी दुसऱ्या पातेल्यात करते. दुसरा व तिसरा दिवसही तसाच जातो. चौथ्या दिवशी ती खुरपणीहून दिवे लागल्यावर घरी येते. पाणी भरावयाचे, भाकऱ्या थापावयाच्या, गुरांचे पाहावयाचे; आणि त्यावर ही दुसरी भाजी! तिच्या तोंडाकडे पाहून घरधनीच म्हणतो, "राहू दे, आजच्या दिवस आहे तेच वाढ." या बोलण्यात जिभेचा लोभ नाही, पत्नीविषयी दया आहे, परंतु पथ्य मोडले ते मोडलेच. एकट्याचे पथ्य मोडण्याचे पहिले कारण हे की, त्याचा भार घरातील सर्वांत थकलेल्या माणसाच्या हातांवर पडतो.

दुसरे कारण म्हणजे घरातील माया. आजीस वाटते की, लेक आधीच आजारी, त्यात त्याच्या पानात चव नाही, तो काय खाणार? म्हणून ती हळूच ठेचा वाढते, पापडाचा तुकडा ठेवते. तिला रागे भरून उपयोग नाही. तिच्या समजुतीप्रमाणे आजाऱ्यास चांगलेचुंगले खाऊ घालणे हेच प्रेम आहे.

तिसरे कारण मुलांचे डोळे होत. वडिलांकरिता बाजारातून दोन सफरचंदे आणून ती कोनाड्यात ठेवली जातात. वडील खावयास बसले की दहा वर्षांचे पोर उंबऱ्यात उभे राहून पाहते. कोणत्या बापाच्या घशाखाली ते फळ उतरेल? तो अर्धे त्यास देतो, पुढच्या बाजारी फळ आणावयाचेच टाळतो, आणि पथ्याचे एक अंग गळून पडते. उलट अळणी भाजी पाहून मुलांस वाटते की, चांगले अन्न म्हणजे एक प्रकारची शिक्षा आहे, व ती म्हातारपणी भोगावयाची असते. ही समजूत एकदा मनात बसली म्हणजे पुढच्या पिढीचा रोगही तेथेच पेरला जातो.

आता या घरातील ताटांचा क्रम पाहा. प्रथम पुरुष जेवतात, मग मुले व आजी, आणि सर्वांचे उरकल्यावर भांड्यात जे उरेल ते गृहिणी खाते. पालेभाजी वडिलांकरिता सांगितलेली असल्याने ती त्यांच्या ताटात पडते. तळाशी उरलेला रस्सा व भाकरी तिच्या वाट्यास येते. आता २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात काय आढळले ते ऐका. महाराष्ट्रात १५ ते ४९ वर्षे वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी ५४ स्त्रियांच्या अंगी रक्त कमी होते. म्हणजे ज्या घरात घरधन्यास पालेभाजी, डाळ व फळ यांची गरज आहे, त्याच घरात त्याच्या पत्नीस व वाढत्या मुलीसही त्यांची तितकीच गरज आहे. त्यांना डॉक्टरांनी अद्याप सांगितलेले नाही एवढेच.

पुण्याजवळच्या खेड्यांत डॉ. याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली गरोदर स्त्रियांच्या आहाराचा अभ्यास सुरू केला. तेथील ज्या स्त्रियांच्या जेवणात हिरव्या पालेभाज्या व फळे वारंवार होती, त्यांची बालके जन्मतः अधिक भरलेली होती असे त्यांस आढळले. यावरून हे लक्षात घ्यावे की, मेथीची जुडी ही काही एकट्या आजारी बापाची वस्तू नव्हे. ती सबंध घराची आहे.

यास्तव या पाठाचे मुख्य सूत्र असे: वडिलांसाठी वेगळी हंडी चढवू नये, घरची हंडीच बदलावी. हंडी एक असावी आणि वाढप ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे असावे.

३. एका हंडीत काय बदलावे?

मीठ. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसास दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे. हे सुमारे चहाचा एक सपाट चमचा होते. लहान मुलांस त्याहूनही कमी पुरते. सहा माणसांच्या घरात दिवसास ३० ग्रॅम धरले, तर एक किलोचा पुडा किमान ३३ दिवस गेला पाहिजे. म्हणून पुडा फोडाल त्या दिवशी त्यावर तारीख घालून ठेवा. वीस दिवसांत तो संपला तर घरात मीठ किती जाते हे कोणी सांगावयास नको. शिवाय लोणचे, पापड, कुरडई, खारे शेंगदाणे, फरसाण, खारवलेली सुकी मासळी यांतून जे मीठ पोटात जाते ते या पुड्याच्या बाहेरचे आहे, हे विसरू नये. मीठ एकदम तोडू नये. एकदम तोडले की घर बंड करते. आठवड्याआठवड्याने थोडथोडे कमी करावे. काही आठवड्यांत जिभेस नव्या चवीची सवय होते, व पूर्वीची भाजी मग खारट लागू लागते. मिठाची उणीव भरून काढण्यास लिंबू, चिंच, लसूण, जिरे, कोथिंबीर, भाजलेले तीळ आपल्याजवळ आहेतच. भाकरीच्या पिठात मीठ घालण्याची काही घरांत चाल आहे, ती सोडावी. आणि जेवताना मिठाचे भांडे ताटांजवळ ठेवू नये.

साखर. आपल्या घरांत साखर मुख्यतः चहाच्या वाटेने शिरते. पाण्यातच साखर घालून चहा उकळण्याची आपली रीत असल्याने मधुमेही माणसास निराळा चहा करावा लागतो, आणि पुन्हा एकट्याचे पथ्य उभे राहते. याला सोपा उपाय आहे. सर्वांचा चहा बिनसाखरेचा करावा, साखरेचा डबा बाजूस ठेवावा, आणि ज्यास हवी त्याने मोजून घ्यावी. घरधन्याने घेऊ नये. इतरांनी दोन चमच्यांवरून एकावर यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसास सुमारे २५ ग्रॅमच्या आत राहिल्यास उत्तम. हे सहा लहान चमचे होतात. उपदेशक बंधूंनी हा हिशेब विशेष ध्यानी घ्यावा. गृहभेटीच्या दिवशी पाच घरी पाच कप चहा, व प्रत्येक कपात दोन चमचे साखर, एवढ्याने दहा चमचे, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम साखर, पोटात जाते. अन्न मात्र काहीच जात नाही. कोणी म्हणेल, "आम्ही साखर खात नाही, गूळ खातो." रक्तातील साखर वाढविण्याच्या बाबतीत गूळ व मध हे साखरेचेच भाऊ आहेत. मधुमेह्याने त्यांचा भरवसा धरू नये.

तेल. दर माणशी दिवसास सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे महिन्यास पाऊण किलो, हा हिशेब मनात असावा. तेलाच्या किटलीतून धार सोडण्याऐवजी पळीने मोजून घालण्याची सवय करावी. एवढ्यानेच पुष्कळ तेल वाचते. रश्श्यावर लाल तर्री आली म्हणजेच कालवण चांगले, ही आवड लग्नकार्यांनी लावलेली आहे. भजी तळून उरलेले काळे तेल पुनःपुन्हा तापवू नये. तेल वाचले म्हणजे पैसाही वाचतो, आणि तो भाजीकडे व अंड्यांकडे वळविता येतो.

धान्य. आपल्या कोरडवाहू मुलखाचे मूळ अन्न ज्वारीची व बाजरीची भाकरी, वर डाळ, उसळ, पालेभाजी असे होते. पुढे रेशनच्या दुकानातून गहू व तांदूळ स्वस्त मिळू लागले, आणि २०२३ पासून ते पात्र कुटुंबांस माणशी महिना ५ किलो मोफत मिळू लागले. दुष्काळी मुलखास याचा मोठा आधार आहे, व त्यास नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु पुष्कळ घरांत ताटाचा मोठा भाग पांढऱ्या भाताने व्यापला आणि भाकरी मागे पडली. संयुक्त राष्ट्रसंघाने भारताच्या सूचनेवरून २०२३ हे वर्ष ज्वारी, बाजरी, नाचणी यांसारख्या भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. सबंध दाण्याच्या पिठात कोंडा राहतो, पोट लवकर भरते, आणि पांढऱ्या भाताच्या मानाने भूक उशिरा लागते. तथापि भाकरी हे काही औषध नव्हे. ज्वारीची झाली तरी चार भाकऱ्यांची साखर रक्तात उतरणारच. शेतकामाच्या दिवशी जेवढ्या भाकऱ्या लागतात तेवढ्या घरी बसण्याच्या दिवशी लागत नाहीत, हे घरधन्याने स्वतः ओळखून एक भाकरी परत ठेवावी.

डाळ व कडधान्ये. मूग, मटकी, चवळी, हुलगा, हरभरा, तूर ही आपल्या रानांत पिकणारी पौष्टिक धान्ये होत. पातळ पिवळ्या पाण्यात चार डाळी तरंगत असल्या तर त्यास डाळ म्हणता येत नाही. डाळ घट्ट करावी. आठवड्यातून तीन-चार वेळा मोड आलेल्या कडधान्याची उसळ करावी. जमेल त्या घरी अंडे, ताक, मासा यांची भर असावी.

भाजी व फळे. बटाटा व रताळे यांसारखे कंद सोडून, भाज्या व फळे मिळून माणशी दिवसास किमान ४०० ग्रॅम पोटात जावीत असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा आकडा ऐकून गरीब माणूस घाबरेल. परंतु फळ म्हणजे सफरचंद व भाजी म्हणजे फुलकोबी असे कोणी सांगितले? मेथी, शेपू, चाकवत, अंबाडी, तांदुळजा, घोळ, करडईचा पाला, शेवग्याचा पाला व शेंगा, दोडका, भोपळा या भाज्या आपल्या आहेत. पेरू, बोर, चिकू, पपई, सीताफळ ही फळे आपल्या बांधांवर होतात. मोरीचे पाणी वाया जाते तेथे चार आळी केली, एक शेवगा लावला, एक पपई लावली, तर बाजाराचा निम्मा प्रश्न सुटतो. मात्र मधुमेही घरधन्याने चिकू, सीताफळ यांसारखी फार गोड फळे बेतानेच खावीत.

आता हे सर्व एका ताटात कसे मांडावयाचे? ताटाचे चार भाग मनात करावेत. दोन भाग भाजी व कोशिंबीर, एक भाग डाळ किंवा उसळ, आणि एक भाग भाकरी अथवा भात. घरधन्यास असे ताट वाढावे. वाढत्या मुलास व राबणाऱ्या भावास भाकरी अधिक द्यावी, मुलांस दूध, अंडे, शेंगदाणे वरून द्यावेत, आजीस भाजी मऊ करून द्यावी. हंडी मात्र एकच.

४. घरधन्याचे स्वतःचे काम

"डॉक्टरांनी मला सांगितले आहे, तेव्हा तू करून घाल," एवढे पत्नीस सांगितल्याने घरधन्याचे कर्तव्य संपत नाही. रोग त्याचा आहे, तर श्रमाचा वाटाही त्याने उचलला पाहिजे.

पहिले काम बाजाराचे. आपल्याकडे आठवड्याचा बाजार बहुधा पुरुष करतात. घरात काय शिजेल हे चुलीपाशी ठरण्याआधी पिशवीत ठरते. पिशवीत पालेभाजी आलीच नाही तर गृहिणी ती कोठून करणार? मुलांच्या खाऊचेही तसेच. बाजारातून येणाऱ्या बापाच्या हाताकडे मुले पाहतात, आणि त्या हातात कुरकुरीत खाऊच्या पुड्या व बिस्किटे असली, तर बापाने स्वतः सोडलेले मीठ, साखर व तेल तो स्वतःच मुलांच्या पोटात घालीत असतो. त्याच पैशांत शेंगदाणे, फुटाणे, पेरू, केळी येतात.

दुसरे काम हाताचे. पालेभाजी निवडण्यास वेळ लागतो, आणि वेळ नसतो म्हणूनच ती मागे पडते. संध्याकाळी पारावर बसण्याआधी घरधन्याने जुडी पुढे ओढून अर्धा घटका भाजी निवडली, तर त्याच्या पुरुषपणास काही उणेपणा येत नाही. मुलेही मग त्याच्याभोवती बसून हात लावू लागतात.

तिसरे काम ताटाचे. शक्य त्या जेवणास सर्वांनी एकत्र बसावे, आणि घरधन्याने आपल्या ताटात भाजी घेण्याआधी पत्नीच्या व मुलीच्या वाट्याची भाजी बाजूस निघाली आहे की नाही ते पाहावे. पहिल्या आठवड्यात कालवण फिके लागेल; त्या वेळी ताट सरकवून उठू नये. वडिलांनी नाक मुरडले की दुसऱ्या दिवशी मीठ परत येते, आणि मुलेही नाक मुरडण्यास शिकतात. उलट त्याने निमूटपणे, किंबहुना चांगले म्हणून, दोन घास खाल्ले, तर त्या घासांची शिकवण दहा पाठांहून मोठी आहे.

चौथे काम असे की, तंबाखू, बिडी व दारू ही ताटाबाहेरची असली तरी पथ्याबाहेरची नाहीत. मीठ तोडून तंबाखू चालू ठेवणाऱ्याने हृदयाचे रक्षण अर्धेही केलेले नाही. घरातील स्त्रियांची मिसरी हीसुद्धा तंबाखूच आहे.

५. आग्रह, पाहुणचार व सणवार

आपल्या समाजात न खाणे म्हणजे यजमानाचा अपमान असे मानतात. ज्या लोकांनी दुष्काळ पाहिले, त्यांच्यात पोटभर खाऊ घालणे हाच सन्मान ठरावा यात नवल नाही. म्हणून आग्रह करणाऱ्यास दोष देऊ नये. परंतु नकार देण्याची एक सभ्य रीत शिकून घ्यावी. ताटावर बसण्यापूर्वीच सांगावे, "मला थोडे वाढा, लागेल तसे मागून घेईन." भाजी व डाळ आनंदाने मागावी, म्हणजे वाढणाऱ्याचा हात रिकामा परतत नाही. चहाच्या जागी ताक किंवा पाणी मागावे. पण ताकात मीठ नको असे आधीच सांगावे.

सणाच्या दिवशी काय करावे? नाताळात करंज्या, चिवडा, केक घरोघर फिरतात. त्या दिवशी घरधन्याने एकट्याने उपाशी तोंडाने बसावे असे कोणी म्हणत नाही. एक करंजी सर्वांबरोबर खावी व दुसरीस हात लावू नये. सणाचा फराळ सणापुरता करावा. डबे भरून महिनाभर पुरेल इतका करू नये, कारण घरात असलेला डबा रोज हाक मारतो. मंडळीच्या प्रीतिभोजनाची व्यवस्था पाहणारांसही एक विनंती आहे. गोडाबरोबर एक पालेभाजी, एक उसळ व काकडीची कोशिंबीर ठेवावी, आणि बिनसाखरेच्या चहाचे एक भांडे निराळे असावे. सभेतील कित्येक वडील मंडळी मनातून आभार मानतील.

आणि एखाद्या दिवशी पथ्य मोडले तर? तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सुरू करावे. एका चुकलेल्या जेवणाने मनुष्य मरत नाही. "आता मोडलेच आहे, तर राहू द्या" या विचाराने मात्र पुष्कळ पथ्ये कायमची बुडाली आहेत.

६. सावधगिरीच्या चार गोष्टी

पहिली: पथ्य हे गोळ्यांच्या बदली नाही. आकडा उतरला म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करू नये. कमी करणे अथवा बंद करणे हे डॉक्टरांचे काम आहे.

दुसरी: मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांस विचारल्यावाचून उपवास करू नये व जेवण चुकवू नये. एकाएकी घाम सुटला, हात थरथरू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर रक्तातील साखर फार उतरली असण्याचा संभव असतो. अशा वेळी तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून तत्काळ द्यावी. ते पथ्य मोडणे नव्हे, प्राण वाचविणे आहे. रोगी बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता त्यास लगेच दवाखान्यात न्यावे.

तिसरी: ज्याच्या मूत्रपिंडास विकार आहे, त्याचे पथ्य निराळे असते. डाळी, काही फळे व बाजारात मिळणारे कमी सोडियमचे मीठही त्यास अपायकारक होऊ शकते. त्याने या पाठावर न विसंबता डॉक्टरांसच विचारावे.

चौथी: लहान मुले, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांच्या ताटातून वडिलांच्या पथ्याच्या नावाखाली दूध, अंडी, शेंगदाणे कमी करू नयेत. मीठ व साखर सर्वांचीच कमी व्हावी. पोषण मात्र कोणाचेही कमी होऊ नये.

उपदेशकांस सूचना

हा पाठ एका बैठकीत संपविण्याची घाई करू नये. पहिल्या आठवड्यात मिठाचा व चहाचा भाग घ्यावा, दुसऱ्यात धान्य, डाळ व भाजी, तिसऱ्यात घरधन्याचे काम. स्त्रियांस बोलण्यास अवश्य सांगावे, कारण चुलीचे खरे ज्ञान त्यांच्याजवळ आहे. पुरुषांनी त्या वेळी ऐकावे.

चर्चेकरिता प्रश्न

१. आपल्या घरी मिठाचा एक किलोचा पुडा किती दिवस जातो? तेलाचा महिन्याचा खर्च माणशी किती पडतो?

२. आपल्या घरी सर्वांच्या शेवटी कोण जेवते, व त्या ताटात काय उरते?

३. घरधन्याचे पथ्य पाळण्यात आजीचा व मुलांचा अडथळा होत असेल, तर त्यांस न दुखविता कसे समजवावे?

४. आपल्या शिवारात या ऋतूत विकत न घेता मिळणाऱ्या भाज्या व फळे कोणती? त्यांची यादी मुलांकडून करवून घ्या.

५. गेल्या बाजारी आपल्या पिशवीत काय होते? पुढच्या बाजारी त्यातील कोणती एक वस्तू वगळून कोणती एक घालाल?

या महिन्याचा अभ्यास

प्रत्येक घराने एकच गोष्ट पत्करावी: चहात साखर न उकळणे, किंवा मिठाच्या पुड्यावर तारीख घालणे, किंवा आठवड्यातून चार दिवस पालेभाजी सर्वांच्या ताटात पडेल असे पाहणे. महिनाअखेर उपकेंद्रात जाऊन घरधन्याने रक्तदाब पुन्हा मोजून घ्यावा, आणि त्याच दिवशी घरच्या स्त्रियांनी आपले रक्त तपासून घ्यावे. दोन्ही आकडे एकाच कागदावर लिहून ठेवावेत, कारण ते एकाच हंडीचे आकडे आहेत.